दोष चित्राचा, माणसांचा नव्हे

(सातारा येथे छायाचित्रकार व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ व्यावसायिक छायाचित्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग. भाषणात स्वतःच्या ग्राहकांचे उल्लेख असल्याने आपले नाव छापू नये, अशी वक्त्यांची इच्छा होती. ती आम्ही पाळली आहे.)



संयोजकांनी मला प्रकाशयोजनेवर बोलण्यास सांगितले होते. परंतु प्रकाशयोजना शिकविणारे माझ्याहून तरुण आणि माझ्याहून जाणते लोक या सभागृहात बसले आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. गेली अडतीस वर्षे मी साखरपुड्याची आणि लग्नाची छायाचित्रे काढीत आहे. या काळात कॅमेरे बदलले, रोल गेले, डार्करूम गेली. एक गोष्ट मात्र होती तशीच राहिली. एकमेकांच्या चित्रांविषयी कसे बोलावे, हे आपल्याला अद्याप नीट साधलेले नाही, आणि कसे ऐकावे हे तर त्याहूनही कमी. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

साखरपुड्याचेच उदाहरण मी घेतो, त्यालाही कारण आहे. लग्नात विधींची गर्दी असते आणि त्या गर्दीत छायाचित्रकाराच्या पुष्कळ चुका झाकल्या जातात. साखरपुड्यात तशी सोय नसते. कुंकू लावले, ओटी भरली, साखरेचा पुडा हाती दिला, अंगठ्या घातल्या की विधी संपला. उरतात ती दोन माणसे. अनेकदा ती एकमेकांना चार-सहा वेळाच भेटलेली असतात. दोन्ही घरांतली वडीलधारी मंडळी समोर बसलेली असतात आणि आपण त्यांना म्हणतो, 'जरा जवळ या.' आता तर साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या दिवसांत दोघांना घेऊन मेणवलीच्या घाटावर, कासच्या पठारावर किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर जाण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती आपल्या संस्कृतीत बसते की नाही, हा वाद मी आज करणार नाही. घराघरांत तो झालेला आहे आणि बहुतेक घरांनी आपापला मध्यममार्ग काढला आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ती चित्रे आपल्यापुढे आली की आपण काय बोलतो?

माझी एक चूक

प्रारंभ मी स्वतःपासून करतो. सुमारे १९९४ सालची गोष्ट. आम्ही दहा-बारा छायाचित्रकार महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेच्या वर्गात जमत असू. प्रत्येकाने आपली चार-सहा चित्रे आणायची, बाकावर मांडायची आणि इतरांनी त्यांवर बोलायचे, असा परिपाठ होता. त्या मंडळीत मी वयाने मधला असलो, तरी जिभेने सर्वांत थोरला होतो. माझा शेरा ऐकण्यासाठी लोक थांबतात, याचा मला अभिमान होता.

एके रविवारी एक नवा तरुण आला. त्याने एका साखरपुड्याची सहा चित्रे मांडली. त्यांपैकी एका चित्रात मुलगी अंगठी घालून घेत होती. मागे पांढरा पडदा होता, मुलाच्या अंगात पांढरा सदरा होता आणि मुलीचा चेहरा काळवंडून गेला होता. मी ते चित्र उचलले आणि म्हणालो, "मुलगी सावळी दिसतेय. अशा वेळी आधी पावडरचा डबा पुढे करावा आणि मग कॅमेरा काढावा." सगळे हसले. तो तरुणही थोडेसे हसला. मग त्याने सहाही चित्रे गोळा करून पाकिटात घातली. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

दोन महिन्यांनी मला कुणीतरी सांगितले की ती मुलगी त्याची सख्खी धाकटी बहीण होती. मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा विचारला, बसायला खुर्ची दिली. मी क्षमा मागितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "दादा, तो फोटो मी अल्बमात लावलाच नाही. ताईनं विचारलं, तर निगेटिव्ह खराब झाली म्हणून सांगितलं." अंगठी घालतानाचे ते एकमेव चित्र होते. माझ्या एका वाक्याने एका मुलीच्या आयुष्यातला तो क्षण तिच्या घरातून नाहीसा केला होता.

ती निगेटिव्ह मी त्याच्याकडून मागून आणली आणि डार्करूममध्ये दोन रात्री खटपट केली. मुळातच प्रकाश कमी पडलेल्या निगेटिव्हमधून फार काही निघत नाही, हे आपण सारे जाणतो. चित्र उत्तम झाले नाही. परंतु चेहरा दिसू लागला आणि ते तिच्या हाती गेले. तो तरुण पुढे या व्यवसायात राहिला नाही. त्याला माझे बोलणे कारण झाले की आणखी काही, हे मला ठाऊक नाही. पण त्याची जागा आमच्या बाकावर रिकामी राहिली, एवढे खरे.

मी त्याला काय शिकविले?

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला एकच प्रश्न विचारीत होतो. त्या तरुणाला मी अपमान दिला, हे तर झालेच. परंतु ज्ञान काय दिले? काहीच नाही. दोष मुलीच्या वर्णात नव्हता, चित्रात होता, आणि त्याचे कारण अगदी साधे होते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याला सरासरी मध्यम करडे समजतो. अठरा टक्के प्रकाश परावर्तित करणारे करडे, असे आपल्या पुस्तकांत लिहिलेले असते. समोर पांढरा पडदा आणि पांढरा सदरा आला की त्या मापकाला वाटते, उजेड फार आहे, आणि तो एक्स्पोजर कमी करतो. पडदा करडा होतो आणि माणसांचे चेहरे काळे पडतात. त्या मुलीच्या जागी केतकी वर्णाची मुलगी असती, तरी ती सावळीच दिसली असती. एक-दीड स्टॉप वाढवून घे, नाहीतर चेहऱ्याजवळ जाऊन माप घे, एवढे सांगितले असते तर तो तरुण पुढच्या रविवारी चांगले चित्र घेऊन आला असता.

टीका करणाऱ्याची ही पहिली कसोटी आहे, असे मी मानतो. दोषाचे कारण सांगता येत नसेल, तर शेरा मारू नये. 'जमले नाही', 'जीव नाही', 'मजा नाही आली' ही वाक्ये टीका या सदरात मोडत नाहीत. ते आपल्या मनःस्थितीचे निवेदन असते. ऐकणाऱ्याला त्यातून हाती काही लागत नाही.

काही उदाहरणे देतो. समोर जोडप्याचे चित्र आहे आणि मुलगी अकारण जाड दिसते आहे. 'मुलगी जाड आहे' असे म्हणणारा माणसाविषयी बोलला. 'चोवीस मिलिमीटरची लेन्स घेऊन तू जवळ उभा राहिलास आणि मुलीला चौकटीच्या कडेला ठेवलेस. अशी लेन्स कडेची वस्तू ताणते. दोन पावले मागे जा, लांब पल्ल्याची लेन्स लाव,' असे म्हणणारा चित्राविषयी बोलला. दुसरे चित्र घ्या. मुलाचा डोळा स्पष्ट आहे, मुलगी धूसर. 'मुलीकडे लक्ष नव्हते का?' हा टोमणा झाला. खरी गोष्ट गणिताची आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, पंचाऐंशी मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ १.४ आणि अंतर दोन मीटर, अशा वेळी स्पष्टतेची खोली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असते. एवढ्यात दोन चेहरे मावायचे, तर ते एकाच प्रतलात हवेत. छिद्र एफ ५.६ केले की तीच खोली अठरा-एकोणीस सेंटिमीटरपर्यंत जाते. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या हौसेपायी आपण कित्येकदा वधूलाच धूसर करतो, हे त्या मुलाला आकड्यांसह सांगितले तर तो ते जन्मभर विसरणार नाही.

झाडाखाली काढलेल्या चित्रात चेहऱ्यांवर हिरवी झाक येते, कारण पानांतून गाळलेला आणि गवतावरून उसळलेला प्रकाश हिरवा असतो. मंगल कार्यालयात एकीकडे पिवळा दिवा, दुसरीकडे पांढरी ट्यूब आणि व्यासपीठावर जांभळे एलईडी असले की एकाच गालावर तीन रंग दिसतात. भर दुपारी घाटावर उभे केले की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. या सर्व दोषांना कारणे आहेत आणि कारण आहे तिथे उपाय आहे. टीकाकाराने दोष, कारण आणि उपाय ही तिन्ही एका दमात सांगावीत. उपाय ठाऊक नसेल तर प्रांजळपणे तसे म्हणावे.

वर्णाचा प्रश्न

सावळ्या वर्णाचा उल्लेख झालाच आहे, तर त्याविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या समाजातील पुष्कळ दुःख या एका शब्दाभोवती साठलेले आहे. स्थळ पाहण्याच्या वेळी या शब्दाने मुलींना जे सोसावे लागते, ते इथल्या माताभगिनींना मी सांगण्याची गरज नाही. तेच आपण छायाचित्राच्या टेबलावर पुन्हा करावे काय?

इथे एक इतिहास तरुण मित्रांना ठाऊक असावा. रंगीत छायाचित्रांच्या पहिल्या काही दशकांत, प्रिंटचे रंग बरोबर आले की नाही हे ताडून पाहण्यासाठी अमेरिकेतील कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक प्रमाणचित्र पुरवीत असे. त्यावर गोऱ्या वर्णाची तरुणी असे. पहिल्या तरुणीच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' असे नाव पडले. त्या कार्डावरची त्वचा बरोबर दिसली की प्रिंट बरोबर, असा तो हिशेब. साहजिकच सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या छटा त्या फिल्मवर नीट उमटत नसत. पुढे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर तयार करणाऱ्यांनी आपल्या मालाचे रंग जाहिरातींत नीट येत नाहीत, अशी तक्रार केली आणि गडद तपकिरी छटांकडे अधिक लक्ष दिले गेले. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली प्रमाणचित्रे तर १९९०च्या दशकात आली. सांगायचा मुद्दा असा की आपल्या आया-बहिणींचे चेहरे जुन्या रंगीत चित्रांत मातकट दिसतात, याचे एक कारण त्या साहित्यात होते आणि आपण ते त्यांच्या माथी मारले.

आता फिल्म गेली आणि संगणक आला. परंतु 'जरा उजळ करा हो' ही मागणी गेली नाही. ती करणाऱ्याला मी हसत नाही, कारण त्या मागणीमागे कुणाचे तरी पूर्वी ऐकलेले बोलणे असते. मी आधी त्यांना योग्य प्रकाशातले, योग्य रंगातले चित्र काढून दाखवितो. दहापैकी आठ वेळा ती मुलगीच म्हणते, "हेच ठेवा." सावळ्या चेहऱ्यावर तिरका, मऊ प्रकाश पडला की जी कांती दिसते, ती संगणकाच्या पांढऱ्या लेपातून कधी येत नाही.

कालिदासाने केलेली टीका

आपल्याकडे चित्रावर टीका करण्याची परंपरा नाही, असे कुणी म्हणाले की मला आश्चर्य वाटते. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात राजा अग्निमित्र मालविकेला प्रथम पाहतो ते चित्रातच. ते चित्र इतके सुंदर असते की प्रत्यक्षात ती तशी नसेल, अशी शंका त्याला येते. पुढे ती नृत्यासाठी समोर येते तेव्हा त्याला कळते की गोष्ट उलटी आहे. चित्रच तिच्यापुढे उणे पडले होते. तो चित्रकाराला मूर्ख म्हणत नाही, की त्याच्या कुंचल्याची थट्टा करीत नाही. त्याचे निदान एवढेच की रेखाटताना चित्रकाराची समाधी शिथिल झाली असावी. म्हणजे चित्त पूर्णपणे त्या व्यक्तीवर राहिले नाही. चित्रकलेवरचा इतका सौम्य आणि इतका अचूक शेरा मी दुसरीकडे वाचलेला नाही. साखरपुड्याच्या निर्जीव चित्रांचे निदान करताना दहापैकी नऊ वेळा मला हेच सापडते. चित्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर होते, समोरच्या माणसांवर नव्हते.

'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात तर राजा दुष्यंत स्वतःच चित्रकार आहे. त्याने शकुंतलेचे चित्र काढले आहे आणि तो स्वतःच त्यातील उणिवा मोजतो आहे. मालिनी नदी राहिली, तिच्या वाळूतील हंसांची जोडी राहिली, हिमालयाच्या पायथ्याचे हरिण राहिले, कानावरचे शिरीषाचे फूल राहिले. बाजूला उभा असलेला विदूषक पुटपुटतो की आता हा लांब दाढ्यांच्या तापसांनी सारे चित्र भरून टाकणार! दोन प्रकारचे टीकाकार कालिदासाने एकाच प्रसंगात उभे केले आहेत. एक स्वतःच्या चित्रात काय राहिले ते पाहतो. दुसरा विनोद करतो, पण त्याच्याही विनोदात तथ्य आहे. चित्रात फार भरू नकोस, असेच तो सुचवितो. त्याचा विनोद चित्रकाराला वा शकुंतलेला बोचत नाही, हे आपण लक्षात घ्यावे. माझा १९९४ सालचा विनोद या कसोटीवर उतरत नाही.

आपल्या मुंबईतही १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डागेअरचा शोध पॅरिसमध्ये जाहीर होऊन तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. चित्रे चारचौघांपुढे मांडावीत आणि त्यांवर बोलणे व्हावे, ही गोष्ट या भूमीत नवी नाही.

ऐकण्याची बाजू

आता दुसरी बाजू. टीका करणे अवघड असले, तरी ती ऐकणे त्याहून अवघड आहे. संतांनी निंदकाचा शेजार मागून घेतला. आपण मात्र आपल्या अल्बमवर कुणी बोट ठेवले की लगेच वकील होतो. 'त्या दिवशी ढग होते', 'मुलगा सहकार्य करीत नव्हता', 'त्यांनीच घाई केली' अशी कैफियत आपण मांडतो. कैफियत खरी असली, तरी ती चित्राच्या मागे चिकटवून देता येत नाही. पाहणाऱ्यापुढे फक्त चित्र असते.

काही वर्षांपूर्वी मेणवलीच्या घाटावर मी एका जोडप्याची चित्रे काढली. सकाळचा प्रकाश, कृष्णेचे संथ पाणी, घाटाच्या काळ्या पायऱ्या. माझ्या मते ते माझे त्या वर्षीचे सर्वोत्तम काम होते. अल्बम घेऊन मी स्वतः वाईला मुलीच्या घरी गेलो. घरात मुलीची आजी होती. तिने चष्मा लावला आणि एकेक पान पाहिले. घाईने एकही पान उलटले नाही. शेवटी अल्बम मिटून ती म्हणाली, "छान आहेत हो. पण आमची पोर साऱ्या फोटोंत तुमच्याकडंच बघतेय. तुम्ही सांगाल तसं करत होती वाटतं. जावयांकडं कधी बघायचं तिनं?"

मला तो घाव वर्मी लागला. तोंडावर उत्तर आले होते की प्रत्येक चित्रात ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही, काही चित्रांत तर नदीकडे पाहते आहे. मी ते गिळले. घरी येऊन सारी चित्रे पुन्हा पाहिली. आजींचे म्हणणे अक्षरशः चूक होते आणि अर्थाने पूर्ण बरोबर होते. मुलीची नजर कुठेही असो, तिचे अवधान माझ्या सूचनांकडे होते. हनुवटी वर, खांदा खाली, हात इकडे. ती बिचारी आज्ञा पाळीत होती. छायाचित्रकलेचे एकही पुस्तक न वाचलेल्या त्या वृद्ध स्त्रीने, त्या दिवशी माझी समाधी कुठे शिथिल झाली होती, ते नेमके दाखविले.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. दोघांना मी प्रथम चालायला सांगतो. देवळापासून पाण्यापर्यंत जा, काय बोलायचे ते बोला, मी दूर आहे. पहिली वीस मिनिटे सूचना द्यायची नाही. काही चित्रे हुकतात. पण जी मिळतात, त्यांत ती दोघे एकमेकांबरोबर असतात.

या अनुभवातून ऐकण्याचे जे नियम मी स्वतःला घालून घेतले, ते सांगतो. टीका चालू असताना उत्तर द्यायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. मग एकच प्रश्न विचारायचा: 'तुमची नजर प्रथम कुठे गेली?' या प्रश्नाला सामान्य माणूसही अचूक उत्तर देतो. तो म्हणतो, 'मागच्या खांबाकडे', आणि आपल्याला कळते की खांब मुलाच्या डोक्यातून उगवला आहे. त्यानंतर एक रात्र जाऊ द्यायची. रागात चांगली सूचनाही शत्रूसारखी दिसते. एकाने सांगितलेला दोष आवडीनिवडीचा असू शकतो. तिघांनी स्वतंत्रपणे तोच सांगितला, तर तो मान्य करावा. आणि स्तुतीलाही हाच नियम लावावा. 'अप्रतिम' या शब्दाने आजवर कुणाचे पुढचे चित्र सुधारल्याचे मी पाहिलेले नाही.

घरातल्या मंडळींना विनंती

इथे अनेक कुटुंबे बसली आहेत, म्हणून एक विनंती करतो. साखरपुड्याची चित्रे घरी आली की ती प्रथम नातेवाइकांत फिरतात आणि मग शेरे सुरू होतात. 'मुलगा बुटका वाटतो', 'जोडा शोभत नाही', 'तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही'. हे बोलणारा सहज बोलतो आणि विसरतो. ती मुलगी विसरत नाही, कारण तिला अजून त्या घरात जायचे असते. चित्र पाहून माणसांची परीक्षा करू नका. मुलाची उंची कॅमेरा किती खाली वा वर धरला यावर बदलते आणि चेहऱ्यावरचा संकोच हा पुष्कळदा आम्हा छायाचित्रकारांचा प्रताप असतो. दोष द्यायचा तर आम्हाला द्या. आमच्याकडे या आणि मोकळेपणाने सांगा.

एकदा एका मुलाची आई आली आणि म्हणाली, "याच्या हनुवटीवरची खूण कुठे गेली? लहानपणी आडाच्या काठावर पडला होता तो." माझ्या सहायकाने संगणकावर चेहरा साफ करताना ती खूण पुसली होती. आम्हाला तो डाग वाटला, त्या माउलीला ती मुलाची ओळख होती. असे ग्राहक घरी येऊन बोलतात म्हणून आम्ही सुधारतो.

दाखविण्याचा अधिकार

शेवटचा मुद्दा थोडा कठोर आहे. टीकेसाठी चित्र मांडायचे, तर ते कुणाचे आहे, याचा विचार आधी हवा. काढले आपण हे खरे, परंतु चेहरे त्यांचे आहेत. दोघांनाही विचारल्याशिवाय त्यांचे चित्र आपल्या बैठकीत, प्रदर्शनात वा दुकानाच्या काचेत लावू नये. पूर्वी मी विचारीत नसे. एकदा माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेत एका साखरपुड्याचे मोठे चित्र लावले होते. चार महिन्यांनी मुलीचे वडील आले. काचेसमोर उभे राहिले, आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ते लग्न मोडलं. तेवढा फोटो काढता का? ती बाजारात याच रस्त्यानं येते." ते चार महिने ती मुलगी रोज त्या काचेसमोरून गेली असेल. मी त्याच क्षणी चित्र उतरविले. पण त्यांना येऊन सांगावे लागले, हा माझाच दोष होता. साखरपुडा म्हणजे अजून लग्न नव्हे, हे आपल्या व्यवसायात तरी कुणी विसरू नये.

म्हणून आमच्या आजच्या बैठकीत तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. चित्रातील दोघांची संमती असेल तरच चित्र मांडायचे. बोलताना चित्रातील माणसांच्या रूपाविषयी शब्द काढायचा नाही. प्रकाश, लेन्स, चौकट, क्षण आणि निवड यांविषयीच बोलायचे. आणि ज्याचे चित्र आहे, त्याने प्रथम सांगायचे की त्याला काय साधायचे होते. हे शेवटचे फार उपयोगी पडते. त्याला जे साधायचेच नव्हते, त्याची टीका करण्यात दोघांचाही वेळ जातो.

मित्रहो, त्या १९९४च्या रविवारी पाकिटात परत गेलेली सहा चित्रे मला अजून दिसतात. आज जेवणानंतर याच सभागृहात तुमच्यापैकी अकरा जणांची चित्रे मांडली जाणार आहेत. त्यांतील तिघे प्रथमच आले आहेत. त्यांच्या चित्रांत दोष असतील, ते अवश्य सांगा, कारणासह सांगा आणि उपायासह सांगा. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात हे तिघे पुन्हा आपल्यात दिसले पाहिजेत. आपण आज नीट बोललो की नाही, हे मी त्यावरून ठरवीन.